सतरा जणींची शाळा

"कागद असेल तर दाखवा, बाई. तोंडी गोष्टींवर इतिहास लिहिता येत नाही," विद्यापीठाचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक म्हणाले.

रेकॉर्डबाई मसुद्याचं पान हातात धरून उभ्याच राहिल्या. अभिलेखांच्या खोलीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पानावर सगळं क्रमाने आलं होतं. आधी कारागीर शाळा, मग तंत्रनिकेतन, मग महाविद्यालय, शेवटी विद्यापीठ. नव्हती ती फक्त मुलींची आरेखनशाळा. तंत्रनिकेतनात विलीन होण्याआधी ती चांगली नऊ वर्षं चालली होती. बाईंची आई तिथेच यंत्रांचे नकाशे काढायला शिकली होती.

"हजेरीपट होते, सर."

"मग गेले कुठे?"

"नव्या इमारतीत येताना जुनं काढून टाका म्हणून हुकूम आला. यादी मीच केली. सहीही माझीच. रद्दीत गेले."

प्राध्यापकांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. "अहो, मग मी तरी काय करू? 'इतरही काही लहान शाळा विलीन झाल्या', एवढं घालतो."

मसुद्याचं पान घेऊन घरी पोचल्यावर बाई दारातल्या स्टुलावरच बसल्या. चपलाही काढल्या नाहीत. खिडकीशी बसलेल्या आईला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तू टाकलेस होय?" आईने विचारलं.

"हो."

"उघडून तरी बघायचास एखादा."

"बघितला गं. तुझं नाव होतं त्यात." बारा वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. "चारशे गठ्ठे उपसले होते त्या आठवड्यात. एवढी दमले होते की तोही रद्दीत ढकलला."

"दमल्यावर होतं असं," आई म्हणाली. "जा, चहा टाक."

बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा आईने मसुद्याचं पान उलटं करून घेतलं होतं. पट्टीने पुसट रेघा आखून ती नावं लिहीत होती. अक्षरांची उंची एकसारखी होती.

"सतरा जणी होतो आम्ही. बाराच आठवतात."

बाईंनी कप लांब ठेवला आणि पान सरकू नये म्हणून कडेने दाबून धरलं. आईने तेरा ते सतरा आकडे घातले, आणि प्रत्येकापुढे एका नावापुरती जागा सोडली.