भट्टीवाल्याची चौकशी

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती तीन दीडशहाणे जमतात आणि चार तास लॉर्ड होतात. मी त्यांचा खेळ चालवतो. शहर माझ्या डोक्यातलं: राणीच्या राज्यातलं, धुरकट, वाफेवर उडणारी जहाजं, पितळेचे घोडे, चवीपुरती जादू. मी प्रसंग सांगायचा, त्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. हवं ते होता येत असताना या तिघांना फक्त उंच टोपी आणि हाताखाली नोकर हवे असतात. त्यातला दंतवैद्य खेळात सरदार आहे. दर दोन वाक्यांनी मिशीला पीळ देतो, मिशी नाही. वकील महान संशोधक आहे, घरी त्याला साधा गॅस पेटवता येत नाही. तिसरा माझा मेव्हणा. तो उमराव आहे आणि येतो तो खायला.

त्या रविवारी बाबा खुर्ची ओढून बसले.

बाबांनी बावीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. एके दिवशी तो फुटला, दोन माणसं गेली, चौकशीत ठपका बाबांवर आला आणि नोकरी गेली. त्यावर घरात त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. आदल्या रविवारी आमच्या खेळातल्या जहाजाचा बॉयलर फुटला होता. ते त्यांनी आतल्या खोलीतून ऐकलं असणार. आज लॉर्डमंडळी चौकशीला बसणार होती. जहाजाचा बॉयलर सांभाळणारा भट्टीवाला दोषी ठरला तर फाशी.

"त्याच्या बाजूनं बोलायला कोणी आहे का?" बाबांनी विचारलं. "नसेल तर मला भट्टीवाला कर."

मेव्हणा फिदीफिदी हसला. कोणी आपणहून भट्टीवाला होतं, हे त्याच्या टाळक्यात शिरेना.

बाबा उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"साहेब, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय असं मी तीनदा लिहून दिलं होतं. जहाज वेळेत पोचायला हवं म्हणून वरच्यांनी तो तारेनं बांधून टाकायला लावला."

"काका, हे आम्हाला पटवायचं तर फासा टाकावा लागतो," सरदार म्हणाले.

"फासा कशाला? रजिस्टर उघडून बघा ना."

तिघंही खो-खो हसले. जन्मभर दुसऱ्यांकडे कागद मागणारा वकील म्हणाला, "नियम म्हणजे नियम." दगडांना काय कळणार, असं मनात म्हणत मीही मान डोलावली. पंधराच्या वर लागत होते. बाबांना चार पडले.

"दोषी," वेफर्स तोंडात कोंबत मेव्हणा म्हणाला. तीन हात वर गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाबा खाली बसले. "खरं काय झालं होतं, ते तुझ्याकडे लिहिलेलं असेल ना?"

असतं. खेळ चालवणाऱ्याला गुन्हेगार आधीच ठरवावा लागतो. तो कागद माझ्यासमोर, पुठ्ठ्याच्या आडोशामागे होता. मी झाकायच्या आत बाबांनी तो उचलला, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचला.

"भट्टीवाला दारू पिऊन झोपला होता."

शनिवारी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत खरडलेलं वाक्य. बॉयलर फुटला म्हणजे भट्टीवाल्यानंच घोळ घातला, दुसरं काही मला सुचलंही नव्हतं. बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्या तिघांना नावं ठेवता ठेवता माझी मलाच किळस आली.

"मी बदलतो, बाबा. आत्ता बदलतो."

"राहू दे." त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. "आमच्या चौकशीतही हेच लिहिलं होतं. पण ते लोक मला ओळखत नव्हते."