हॅलोबाईंचं इतर उत्पन्न

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना हॅलोबाई म्हणायची. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा खणखणीत की फोनवर लोक त्यांना अजून 'मिस' म्हणायचे.

त्यांचा इन्कम टॅक्स दरवर्षी मुलगा भरायचा. सोफ्यावर आडवा पडून, मोबाइलवर, दहा मिनिटांत. पेन्शन इतकी, ठेवींवरचं व्याज इतकं, झालं. "आई, इथे सही कर," एवढंच तो बोलायचा. काय भरलं, किती भरलं, हे बाईंनी विचारलं की म्हणायचा, "तुला काय करायचंय त्याचं? तू आराम कर."

यंदा मात्र बाईंनी आराम करायचा नाही असं ठरवलं. कारण यंदा त्यांच्याकडे एक भानगड होती.

झालं असं, की मागच्या वर्षी बँकेत रांग मोडणाऱ्या एका दांडगोबाला त्यांनी फक्त चार शब्द सुनावले आणि तो मुकाट मागे जाऊन उभा राहिला. मागे ध्वनिमुद्रणाचं काम करणारा एक माणूस होता. त्याने तिथेच बाईंना कार्ड दिलं. पुढच्या महिन्यात बाई स्टुडिओत बसून, कानाला हेडफोन लावून, एका लिफ्ट कंपनीसाठी बत्तीस वाक्यं बोलून आल्या. घरी सांगितलं, भजन मंडळ. पैसे पोस्टातल्या जुन्या खात्यात गेले, कोणाला पत्ता लागला नाही. पण कंपनीने त्यातून कर कापून सरकारजमा केला होता. म्हणजे मुलाने सोफ्यावर पडून बाईंचं टॅक्सचं पान उघडलं की बिंग फुटणार!

म्हणून मंगळवारी सकाळी बाई सगळे कागद पिशवीत घालून वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे ज्येष्ठांचे फॉर्म फुकट भरून द्यायला एक निवृत्त ऑडिटर बसायचे. खिशाला दोन पेनं, हातात भिंग, आणि चेहरा असा की समोरच्याला न केलेली चूकही कबूल करावीशी वाटावी.

"पेन्शन?" ऑडिटरांनी विचारलं. बाईंनी कागद दिला. "व्याज?" दिला. "आणखी काही उत्पन्न?"

"आहे ना. आवाज विकते."

ऑडिटरांनी भिंग खाली ठेवलं. "बाई, मी एकोणचाळीस वर्षं लोकांची सोंगं बघितली आहेत. नीट सांगा."

बाईंनी पाठ ताठ केली, हनुवटी किंचित वर उचलली आणि म्हणाल्या, "दरवाजा बंद होत आहे. कृपया हात आत घ्या."

ऑडिटरांनी दचकून खरोखरच टेबलावरचे हात मागे घेतले. मग त्यांचे कान लाल झाले. "ही... ही इथल्या लिफ्टमधली?"

"मीच ती."

"अहो, मी रोज उतरताना तुम्हाला थँक्यू म्हणतो!"

"मग आज समोरासमोर म्हणा," बाई म्हणाल्या, आणि खर्चाच्या पावत्या काढल्या. घशाच्या गोळ्या ऑडिटरांनी धरल्या. मध धरला. रिक्षाही धरली. केस रंगवल्याची पावती मात्र त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

"केस रंगवले की आवाजात रुबाब येतो," बाईंनी किल्ला लढवला.

"सरकारला तो ऐकू येत नाही."

सगळं जुळलं. शेवटचं बटण दाबलं आणि यंत्राने ओटीपी मागितला. तो गेला मुलाच्या मोबाइलवर! बाईंनी कपाळाला हात लावला. मग धीर करून फोन लावला. "अरे, तुझ्याकडे एक नंबर आला असेल, तेवढा वाच बघू."

"आई! तू कुठे आहेस? कोण बसलंय शेजारी?"

"एक गृहस्थ आहेत. भले वाटतात."

"भलेच वाटतात ते! काही बोलू नकोस, कशावर सही करू नकोस, मी आलो!"

वीस मिनिटांत मुलगा घामाघूम होऊन हजर. आल्या आल्या तो ऑडिटरांवर तुटून पडला. म्हाताऱ्या माणसांना गंडवताना लाज कशी वाटत नाही, वगैरे. ऑडिटरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि भरलेला फॉर्म त्याच्याकडे सरकवला. मुलाने वाचला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"आई, हे काय?"

आईने सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. तो उठला, लिफ्टमध्ये गेला, तळमजल्यापर्यंत जाऊन वर आला, पुन्हा खाली गेला. तिसऱ्या फेरीनंतर बाहेर आला तेव्हा त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"हिच्या ऑफिसातही हीच लिफ्ट आहे," तो बायकोबद्दल म्हणाला. "नवव्या मजल्यापर्यंत ती रोज त्या आवाजाशी भांडत जाते. लेखी तक्रार केलीये तिने, बाई फार हुकूम सोडते म्हणून."

बाई इतक्या हसल्या की ऑडिटरांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"पण मला का नाही सांगितलंस?" मुलाचा आवाज जरा पडला.

"तू विचारतोस कधी? तू म्हणतोस, सही कर."

मुलाने मोबाइल काढला आणि सहा आकडे एकेक करून वाचले. फॉर्म गेला. त्यानंतर ऑडिटरांनी बाईंचा स्वतःचा नंबर टॅक्सच्या खात्याला जोडून दिला. पुढच्या वर्षी मुलाची गरज नको.

"हिला यातलं काही बोलू नकोस हं," मुलाने रिक्षात तीनदा बजावलं. बाईंनी तीनदा मान डोलावली, आणि संध्याकाळी सून चप्पल काढते न काढते तोच सगळं सांगून टाकलं.

सुनेने पर्स बाजूला ठेवली, सासूबाईंच्या जवळ सरकली आणि हळूच विचारलं, "वाक्याला किती देतात हो?"