पहिला वाडगा

"मानांग पिना, तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं बसून पेज खायची," असं म्हणत नाटक बसवणाऱ्या मास्तरणीने माझ्या खांद्यावर शाल टाकली. आमच्याकडे मानांग म्हणजे ताई.

"शाल फाटकी का गं?"

"नाटकात तुम्ही गरीब बाई आहात ना!"

मला हसू आलं. इलोइलो बंदराच्या धक्क्यामागचं आमच्या चर्चचं अन्नछत्र चाळीस वर्षांचं झालं म्हणून मिसाच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये त्याचा इतिहास दाखवत होते. पहाटेपासून आल्याची पेज मीच ढवळली होती. म्हटलं, करा काय हौस करायची ती.

मग सोलेदाद माईकपाशी गेली. माझी जुनी मैत्रीण! वादळाने घरं नेली त्या वर्षी माझ्याच चुलीवर, माझ्याच पातेल्यात आम्ही दोघींनी पहिली पेज शिजवली. लोक दाराबाहेर उभे, पण आत कुणी येईना. कालपर्यंत स्वतःच्या घरात जेवलेली माणसं ती, फुकटचं खायला लाजत होती. शेवटी मीच सगळ्यांदेखत बसले आणि म्हटलं, "सोले, आधी मला वाढ." मी खाल्लं, तेव्हा माणसं आत सरकली. तेव्हापासून पहिला वाडगा शिजवणारीनेच खायचा, ही आमची रीत.

पडद्यावर तेव्हाचा फोटो आला. मी बसून खातेय, ती पळी घेऊन उभी.

"मी एकटीने सुरुवात केली," सोलेदाद माझ्याकडे बोट दाखवत सांगत होती, "आणि ही क्रिस्पिना, दारात आलेली पहिली भुकेली बाई!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती पळी घेऊन जवळ आली तशी मी म्हटलं, "सोले, जनाची नाही तर मनाची तरी?"

"अगं, पाहुण्यांना एकच नाव लक्षात राहतं," ती कुजबुजली. "तुझं काय जातंय?"

शाल फेकून मी उठलेच. पण समोर आज जेवायला आलेली माणसं बसली होती. वाडगे वाढलेले, आणि एकाचाही हात हलत नव्हता. धक्क्यावरचं काम सुटलेला एक म्हातारा तर मान खाली घालून बसला होता. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

मी परत बसले.

"वाढ," म्हटलं.

पहिला घास गिळला, तसे हॉलभर चमचे वाजायला लागले. म्हाताऱ्यानेही वाडगा जवळ ओढला. तेवढ्यात फोटोवाल्याने पुढे येऊन फोटो काढला. मी बसून खातेय, सोलेदाद पळी घेऊन उभी.