शेंदराच्या गाठी

तात्यांवरचा माझा राग तसा जुनाच. पण त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा तोंडाबाहेर पडला, आणि तोही भर कीर्तनात. कीर्तनात खोकला आला तरी पदराचा बोळा तोंडात धरणारी बाई मी.

सरकारने बाहेरदेशीचा व्यापार मोकळा केला, ती वर्षं. उज्जैनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एक्स्पोर्ट. मी भैरवगढच्या युसूफभाईंकडून ठप्प्याच्या चादरी छापून घेऊन गावातच विकायची. ओळखीतून दुबईच्या एका दुकानाची मागणी आली. माल सौराष्ट्रातल्या एका बंदरावरून जहाजाने जायचा होता. माझ्या बहिणीचा मंदार तिथेच, माल चढवून देणाऱ्या एजंटाकडे नोकरीला. त्याने मला सगळं बैजवार सांगितलं होतं. धक्क्याच्या एका अंगाला परदेशी जहाजं लागतात. दुबईचं पंधरवड्यातून एकदा. दुसऱ्या अंगाला फेरीबोटी. त्या समोरच्या बेटावर जातात, तिथे देवीचं मोठं ठाणं आहे. मालाची शेड मात्र दोघांना मिळून एकच.

"मावशी, चादरींच्या प्रत्येक गाठीवर पत्ता ठळक हवा," तो म्हणाला होता. "हमाल कागद बघत नाहीत, गाठ बघतात."

युसूफभाईंनी स्वतः बसून काळ्याभोर रंगात दुकानाचं नाव आणि 'दुबई' प्रत्येक गाठीवर उठवलं. महिना-दोन महिने त्यांनी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नव्हतं. घरची सगळी माणसं ठप्प्याला बसली होती.

ट्रक निघायच्या दिवशी तात्या आले. माझे मोठे दीर, कीर्तन मंडळाचे अध्यक्ष. शिंद्यांच्या दरबारात आपल्या पूर्वजांचा काय मान होता, हे पाणी मागतानासुद्धा सांगणारे. माझे यजमान रतलामच्या बँकेत, रविवारी येणार. म्हणून घरचा कर्ता पुरुष कोण, तर तात्या.

मी ड्रायव्हरसाठी चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर तात्यांनी तेलात शेंदूर कालवून गाठीगाठीवर तळहाताएवढी स्वस्तिकं फासलेली. वर नारळ, वर झेंडूच्या माळा. आणि स्वस्तिक कुठे? बरोब्बर पत्त्यावर. तेवढीच जागा सपाट होती ना!

"तात्या, पत्ता!"

"अगं, पहिलाच माल समुद्रापार चाललाय. देवाला काय पत्ता वाचायचाय?"

"देवाला नाही, हमालांना वाचायचाय!"

"विजया, चार पैसे दिसायला लागले की देव लहान वाटायला लागतो, असं करू नये."

मी फडकं घेऊन घासायला गेले, तर शेंदूर जास्तच पसरला. ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला, "बाईजी, जहाज छूट जाएगा." मंदार असेल तिथे, तो बघून घेईल, असं मनाशी म्हटलं आणि ट्रक सोडला.

दोन दिवसांनी रामघाटाजवळच्या धर्मशाळेत श्रीनाथबुवांचं कीर्तन होतं. उद्या घटस्थापना. जहाज कीर्तनाच्याच दिवशी दुपारी सुटणार होतं. आमच्या दोन घरांत फोन एकच, तात्यांच्या बैठकीत; मी चार वेळा विचारून आले. "काही नाही आला," म्हणाले. बुवा पूर्वरंगात भवसागराचं निरूपण करत होते, झांज तर अशी गोड वाजत होती, आणि माझं मेलीचं मन त्या धक्क्यावर. दाराशी युसूफभाई सायकल धरून उभे. "बाईसाब, जहाज निकला?" त्यांनी खुणेनेच विचारलं. मी खुणेनेच म्हटलं, कळेल.

पूर्वरंग संपला. हार-बुक्क्याची वेळ झाली. तात्यांनी बुवांना हार घातला आणि माइक स्वतःकडे ओढला.

"मंडळी, एक शुभवार्ता. आमच्या घरचा माल बंदरावर गेला होता. पण जगदंबेची इच्छा पाहा! शेंदूर आणि नारळ बघून हमालांना तो देवीचाच वाटला. त्यांनी फेरीबोटीत घातला, थेट बेटावर! मंदारकडून नंबर घेऊन दुपारी मंदिराच्या विश्वस्तांचा फोन होता, परत पाठवू का म्हणून. मी म्हटलं, आईच्या पायी आलंय ते राहू द्या. आमच्या घराण्याकडून दान! उद्या घटस्थापनेला ते वस्त्र भक्तांना वाटतील."

टाळ्या पडल्या. बायका माझ्याकडे वळून हात जोडायला लागल्या. मी दाराकडे पाहिलं. युसूफभाईंना मराठी अर्धीमुर्धी कळते. 'दान' पुरतं कळलं होतं. ते सायकलकडे बघत राहिले.

मी उठले कधी, मलाच कळलं नाही.

"दान नाही!"

"विजया, खाली बस."

"नाही बसत! दुपारी फोन आला आणि तुम्ही मला 'काही नाही' म्हणालात? पत्ता तुम्ही झाकलात. माझी पाठ वळताच झाकलात, मी ओरडले तर मलाच बोललात. आणि आता त्याच्यावर देवीचं नाव घालून टाळ्या घेता? या चादरी ज्यांनी छापल्या ते बाहेर उभे आहेत. त्यांना विचारलंत? मला विचारलंत?"

"लोकांसमोर घराण्याची शोभा..."

"शोभा? देवीच्या पदराआड तुम्ही लपलात, तात्या. मी तिला रोज हात जोडते. तिच्या नावाचा असा वापर मला खपत नाही!"

कुणीतरी "वहिनी, जाने दो ना" म्हणालं. मी त्यांच्यावरही खेकसले.

 बुवांनी नुकताच पडलेला हार गळ्यातून काढला आणि तबकात ठेवला.

"तात्या, माल कुणाचा?"

"घरचाच की."

"घरात कुणाचा?"

तात्या पेटीवाल्याकडे बघायला लागले.

"कोपऱ्यावर एसटीडी आहे," बुवा म्हणाले. "जाऊन या. तोवर मी भजन धरतो. उत्तररंग तुम्ही आल्यावर."

अख्खी धर्मशाळा तात्यांकडे बघत होती. ते उठले. मी मागे, माझ्यामागे युसूफभाई. बूथवाल्याने तात्यांच्या चिठ्ठीवरचा विश्वस्तांचा नंबर लावून दिला. तात्यांनी घसा खाकरला. "वो माल... दान नहीं है. गलती से आ गया."

"कुणाच्या?" मी मागून म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काचेच्या दाराला पाठ लावून उभी होते. बाहेर पडायचं तर मला ओलांडून जायला लागलं असतं.

"गलती मेरी," ते म्हणाले.

मग मी मंदारला लावला. जहाज गेलंच होतं. बिचारा रडकुंडीला आला होता. ट्रक पहाटेच पोचला, हा यायच्या आत गाठी बोटीत. "मावशी, मी तात्यांच्या घरी दोनदा निरोप ठेवला," म्हणाला. सकाळच्या फेरीने गाठी परत, पुढच्या जहाजाने दुबई. दुकानदार तेवढं थांबेल, त्यापुढे नाही.

आम्ही परतलो तर बुवा भजनाची तीच ओळ घोळवत होते. मी आपल्या जागी बसले. बाजूच्या सुमनने बुक्का पुढे केला, लावून घेतला. राग मात्र गेला नाही. उत्तररंगभर तो तसाच होता, तरी ऐकत मी सगळं होते.

गाठी पुढच्या जहाजाने गेल्या. मंदारने वरचं पोतं उसवून कोरं शिवून घेतलं, पत्ता नव्याने घातला.

दुकानदाराने पुन्हा मागणी दिली. ट्रक लागला तसे तात्या पुन्हा तबक घेऊन हजर. मी त्यांच्या हातातली शेंदराची वाटी काढून घेतली. एका गाठीची शिवण अजून उघडी होती. आतल्या चादरीवर कागद ठेवला, कागदावर बोटभर टिळा लावला, हात जोडले आणि युसूफभाईंना म्हटलं, "सी दो."

"आणि मी काय करू?" तात्या म्हणाले.

"नारळ फोडा. ट्रकच्या चाकापाशी, तिकडे. गाठीला हात लावायचा नाही."