शर्टाचं शेपूट

होलिस टॅडलॉकच्या शर्टांची शेपटं कॅम्पच्या भिंतीवर इतकी झाली होती, की त्याचा मेहुणा ग्रेडी म्हणायचा, अजून दोन-चार आली की खिडकीला पडदा होईल. मिसिसिपीच्या त्या पाइनच्या जंगलात रीत जुनी होती. हरणावर गोळी झाडली आणि हरीण निघून गेलं, की संध्याकाळी सगळ्यांसमोर पाठ करून उभं राहायचं. मागून शर्टाचा तुकडा कापला जायचा आणि नाव-साल घालून भिंतीवर ठोकला जायचा. ज्याचा शर्ट गेला त्यानेही हसायचं, हासुद्धा रीतीचाच भाग. होलिस हसायचा. घरी जाताना मात्र गाडीत तोंडातून शब्द काढायचा नाही.

यंदा हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लागोपाठ तीन मोसम शर्ट कापला गेला, तर मचाण काढून घ्यायचं आणि त्या मोसमात पहिलं हरीण मारील त्याला द्यायचं, असा कॅम्पचा नियम होता. होलिसचे दोन मोसम भरले होते. आणि त्याचं मचाण म्हणजे ओढ्याच्या वळणावरचं, त्याच्या बापाने स्वतः फळ्या तासून बांधलेलं. टेकायची फळी बापाच्या पाठीने गुळगुळीत झालेली. बाप गेल्यावर होलिस चर्चमध्ये रडला नाही. पुढच्या मोसमात त्या फळीला पाठ टेकली तेव्हा रडला. ते मचाण ग्रेडीच्या हाती जाऊ द्यायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

दोष अर्थात बंदुकीचा. तो कायम बंदुकीचाच असायचा. एकीचा दस्ता आखूड होता, दुसरीची दुर्बीण तिरकी, तिसरी थंडीत वेगळी मारायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण होलिसने आजवर अंगणंच चार-पाच बदलली होती. आता त्याने ठरवलं, अंगण आपणच बांधायचं.

बंदूक निवडली तीही नव्या चालीची. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. दुकानातून रीतसर कागद भरून त्याने मधला सांगाडा आणला, बाकीचं एकेक करून मागवलं, आणि उन्हाळाभर स्वयंपाकघरातलं टेबल अडवून बसला. लोरीन, त्याची बायको, ताटं मांडीवर घेऊन जेवायला शिकली. एकदा एक बारीक स्प्रिंग हातातून निसटली आणि कुठे गेली ते कळेना. ती रविवारी जेवायला आलेल्या पाद्रीबाबांना बटाट्याच्या कोशिंबिरीत सापडली. बिचाऱ्यांनी ती रुमालात गुंडाळून परत केली आणि आभाराची प्रार्थना जरा लांबवली.

पण काम नेटकं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. होलिसची हयात लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात गेली होती, हाताला सवय होती. नळी त्याने अशी बसवली की जणू तिथेच उगवली असावी. मग सजावट सुरू झाली. मोठी दुर्बीण आली, दोन पायांचा टेकू आला, गालाखाली उशी आली, रुंद पट्टा आला, शेवटी बंदूक कलते का ते पाहायला एक इवलीशी पाणसळही आली. लोरीनने ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली. "यात कॉफी कुठून निघते?"

लोरीनला हा विनोद परवडत होता. तीही दर मोसमात शिकारीला यायची, आणि तिच्या नावाचं एकही शेपूट भिंतीवर नव्हतं.

निशाण्याच्या मैदानावर, टेबलावर वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवलेल्या त्या बंदुकीने सगळ्यांची तोंडं बंद केली. कागदावर पडलेली भोकं होलिसने कॉफीच्या कपाच्या बुडाने झाकून दाखवली. ग्रेडीने कागद उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि कागद बदलला तर नाहीस ना, एवढंच विचारलं. होलिसने तो घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर भेटेल त्याला दाखवला. कागदाला डोळे नसतात, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

मोसमाच्या पहिल्या पहाटे तो नारिंगी जाकीट घालून, धापा टाकत, ते ओझं दोरीने मचाणावर ओढून घेऊन वर बसला. आणि तिथे त्याने एक चूक केली. जन्मभर हाताने दांडी सरकवायच्या बंदुका वापरलेला माणूसच ती करू शकतो. त्या बंदुकांत काडतूस आत ढकलताना आवाज करायचा नाही, हे जंगलातलं वळण. बापाने त्याला ते चापट मारून लावलं होतं. तेव्हा होलिसने नव्या बंदुकीचा, काडतूस नळीत ढकलणारा खटकाही हाताने धरून, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा हळूच पुढे नेला. पण ही बंदूक वेगळ्या जातीची. तिचा खटका मागे ओढून सोडून द्यावा लागतो. तो स्वतःच्या जोराने खाडकन आपटला तरच कुलूप लागतं आणि गोळी सुटू शकते. मैदानावर गोंगाटात तो हजारदा आपटला होता. इथे लाडाने नेला आणि केसभर उघडा राहिला.

उजाडलं तसा ओढ्यापलीकडून नर आला. शिंगं अशी की होलिस त्यांची टोकं मोजताना चुकला. हरीण थांबलं, मान वळवून त्याच्याकडेच पाहू लागलं. होलिसने दुर्बिणीतली फुली खांद्यामागे बसवली, श्वास धरला आणि चाप ओढला.

टिक.

एवढंच. हरणाने कान हलवले, जरा विचार केला आणि पाइनमध्ये चालतं झालं. थोड्या वेळाने तिकडून ग्रेडीच्या जुन्या बंदुकीचा बार ऐकू आला. एकच.

संध्याकाळी हरीण झाडाला टांगलेलं होतं आणि ग्रेडी छाती काढून फिरत होता. माग होलिसच्या मचाणाखालून आला होता, मग होलिस काय झोपला होता का, असं त्याने चारचौघांत विचारलं. तेव्हा होलिसला सगळं सांगावंच लागलं. हरणाच्या रश्श्याची वाटी बाजूला ठेवून डबकाका न्यायाला बसले. जमीन त्यांची, कॅम्प त्यांचा, आणि वयाने तेच मोठे.

"गोळी सुटली?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग चुकली कुठून? न सुटलेल्या गोळीला नेम नसतो. शर्ट शाबूत."

ग्रेडी तंडायला लागला. बंदूक धड न भरणं हीदेखील चूकच की, असं त्याचं म्हणणं. डबकाका म्हणाले, चुकांसाठी शर्ट कापायचे ठरवले तर या खोलीत सगळे उघडे बसतील. लोक हसले. मचाण वाचलं होतं.

कात्री नेहमी लोरीनकडे असायची, कारण कॅम्पमध्ये शिवणकाम तीच करायची.

"होलिस," ती म्हणाली, "चाप ओढलास तेव्हा फुली कुठे होती?"

"खांद्यामागे. अगदी नेमकी."

"ओढायच्या आधीची नाही विचारत. टिक झालं त्यानंतरची."

खोलीत सगळे त्याच्याकडे पाहू लागले. खोटं बोलणं सोपं होतं. तिथे फक्त तो होता आणि हरीण होतं, आणि हरीण आता झाडाला उलटं टांगलेलं. पण ते त्याला सकाळपासून छळत होतं. बार झाला नाही, धक्का बसला नाही, तरी त्याचे डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा फुली पार खाली, ओढ्याच्या चिखलात होती. एवढी वर्षं बार आणि धूर या सगळ्यावर पांघरूण घालत आले होते. आज पहिल्यांदा बंदूक गप्प राहिली आणि त्याचं त्यालाच दिसलं.

"चिखलात," तो म्हणाला. "गोळी सुटली असती तर मासा मेला असता."

होलिस उठला, लोरीनकडे पाठ करून उभा राहिला. डबकाका काही बोलणार होते, त्याने हाताने थांबवलं. कात्रीचा आवाज झाला. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. बापाची क्षमा मागावीशी वाटली. ग्रेडी टोपी हातात घेऊन जवळ आला. मचाण त्याला हवंच होतं, पण तोंडात टोमणा येईना.

"फळी मी बदलणार नाही," एवढंच तो म्हणाला.

परतताना गाडी लोरीन चालवत होती. मागच्या सीटवर बंदूक ऐसपैस पसरली होती. होलिसने विचारलं,

"मी दचकतो हे तुला कधीपासून माहीत?"

"लग्नाआधीपासून. जत्रेत मला कापसाचं अस्वल जिंकून देणार होतास, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, जत्रेतली बंदूक वाकडी आहे."

मग जे त्याने इतक्या वर्षांत कुठल्याच दुकानात, कुठल्याच मित्राला विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"मला शिकवशील?"

लोरीनने गाडीचा वेग कमी केला.

"शिकवीन," ती म्हणाली. "पण माझ्या बंदुकीवर. तुझी उचलायची तर आधी माझ्या कमरेला विचारावं लागेल."