उपदेशकाच्या नाकावर दोनदा

मी बर्फगाडी बोलतेय, पुढे चाकांऐवजी घसरपट्ट्या लावून बर्फावर धावणारी. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा कानात बोटं घालायची तर आत्ताच घाला.

मिनेसोटातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. सपाट मुलूख तो. हवा दाट, पोटभर. तिथे कुठलंही इंजिन पैलवान. पण मला बनवलं डोंगरासाठी. उंचावर हवा विरळ होते आणि साधी इंजिनं धापा टाकायला लागतात. दहा हजार फुटांवर त्यांची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गळून पडते. मला मात्र टर्बो दिलाय. बाहेर पडणाऱ्या गरम धुराने त्याचं पातं फिरतं, आणि ते हवा कोंबून कोंबून माझ्या पोटात भरतं. बाकीची इंजिनं धुराला हाकलून देतात, मी त्यालाच कामाला जुंपते. फुकट कुणाला बसू देत नाही.

मला घेतलं लरे बॅरसने. वायोमिंगमधल्या स्टार व्हॅलीत ती शाळेची बस चालवते. पन्नाशीची, आवाज माझ्यासारखाच. तिचा थोरला भाऊ वर्डेल मला बघायला आला आणि हसत सुटला.

"हवा भरायचा पंप विकत घेतलास? अगं, सायकलचा होता की माझ्याकडे!"

"तुझ्या गाडीला लाव तो. वर गेली की तुझ्यासारखीच खोकते."

वर्डेल मनाचा वाईट नाही. पण इथल्या सगळ्या जुन्या गड्यांसारखी त्यालाही एक खोड. दिसेल त्या गाडीच्या क्लचमधली, इंजिनाचा पट्टा आवळून धरणारी वजनं बदलायची. उंचावर इंजिन दमतं, म्हणून हलकी वजनं लावायची, हे इथली पोरं चालायच्या आधी शिकतात. एका शनिवारी लरे बाजारात गेलेली बघून त्याने माझंही झाकण उघडलं, जड वजनं काढून हलकी बसवली आणि बहिणीवर उपकार केल्यासारखा शीळ घालत घरी गेला. मला दात असते तर चावलेच असते.

दुसरा दिवस रविवार. रविवारी इथे बर्फगाडी काढत नाहीत, सगळे चर्चमध्ये. काढली ती फक्त वर्डेलच्या पोरीने, मार्व्हाने, बापाशी भांडून, एकटीने. चर्च सुटलं आणि वर्डेलच्या ट्रकमधल्या रेडिओवर तिचा आवाज आला. उपदेशकाच्या नाकापलीकडे गाडी खडकावर आपटलीय, पाय मोडलाय.

उपदेशकाचं नाक म्हणजे गावामागचा उभा चढ. पलीकडे नुसता बर्फाने भरलेला खोल खळगा. ओढ्याकडची वाट बर्फ कोसळून बंद होती, वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं, आणि पश्चिमेला वादळ काळं होऊन उभं होतं. अंधारापर्यंत पोरगी टिकली नसती.

"रविवारी गेली," वर्डेल म्हणाला. "म्हणून देवाने…"

"देवाला पोरींचे पाय मोडण्याखेरीज कामं नाहीत का?" चर्चच्या झग्यावरच जाड विजार चढवत लरे ओरडली. "हल जागचा!"

चढाखाली, कड्यापासून लांब, सगळ्यांनी गाड्या उभ्या केल्या. चढावर एका वेळी एकच गाडी, नाहीतर बर्फ कोसळतो, हा इथला कायदा. आधी वर्डेल गेला. अर्ध्यावर त्याचं इंजिन खोकलं, गाडी रुतली, कशीबशी वळवून तो परत आला. दुसरा गेला, तोही तसाच परतला.

मग आम्ही. लरेने अंगठ्याने वेगाचा खटका दाबला आणि मी किंचाळले. नुसतीच किंचाळले. टर्बो हवा कोंबत होता, ताकद उतू जात होती, पण हलकी वजनं पट्ट्याला घट्ट धरेनात. काटा लाल रेघेच्या पार, पट्टा जळल्याचा वास, आणि मी गोगलगाय. लरे मला वळवून खाली घेऊन आली.

"हिच्या क्लचला कुणी हात लावला?"

वर्डेलचं तोंड पांढरंफटक. "मी… वर हवा विरळ, म्हणून…"

"हवा तुझ्या गाडीला विरळ! ही आपली हवा आपण भरून घेते! कुठायत माझी वजनं?"

त्याच्याच सीटखालच्या पिशवीत होती. भाऊबहीण बर्फात गुडघे टेकून कामाला लागले. त्याचा पाना चालला होता, तिच्या शिव्या. आमच्या चर्चचे बिशप शेजारीच उभे होते. ते गुपचूप ढग बघत राहिले.

झाकण बसलं. लरेने खटका दाबला, आणि या वेळी क्लचने पट्टा असा पकडला की पुढचे पाय हवेत! वर्डेल रुतला होता ती जागा मागे पडली. हवा आणखी विरळ झाली, मी आणखी गिळली. कड्यावरून उडून आम्ही पलीकडे उतरलो.

मार्व्हा निळ्या पडलेल्या ओठांनी बसली होती. लरेने तिचा पाय फावड्याच्या दांड्याला बांधला.

"आत्या, बाबा चिडलेत?"

"आधी रडणं थांबू दे त्याचं, मग चिडेल. बस माझ्यापुढे."

आता खरी परीक्षा. दोन बायकांचं ओझं, छातीएवढा भुसभुशीत बर्फ, वारा समोरून. खळग्यातून वर येणारा हा चढ गावाकडच्यापेक्षा उभा. मध्यावर मी डगमगले, एका बाजूला कलले. लरेने सगळं अंग दुसऱ्या बाजूला टाकलं, पण खटका सोडला नाही. "ओढ गं बाई, ओढ!" टर्बो लालबुंद झाला, पट्टा तापला, आणि मी ओढलं. एकेक वीत नाही, एका दमात! कड्यावर चढले तेव्हा खालची माणसं टाय सोडून डोक्यावर फिरवत होती. वर्डेल आमच्याकडे धावत सुटला होता. वादळ आलं तेव्हा मार्व्हा दवाखान्यात होती.

पाय जुळला. त्या दिवसापासून माझं झाकण चेपलंय, सीटला ठिगळ आहे. मिरवते मी ते. मध्यंतरी वर्डेल आला, लरेला म्हणाला, "एकदा चालवू दे ना."

"आधी माफी माग."

"तुझी मागितली की!"

"माझी नाही. हिची."

त्याने रस्त्याकडे बघितलं, कुणी येत नव्हतं. मग माझ्या झाकणावर हात ठेवून पुटपुटला, "चुकलो, बाई." मी सोडून दिलं. मन मोठं आहे माझं, इंजिनाएवढं.

उन्हाळाभर मी गवताच्या गंजीशेजारी ताडपत्रीखाली आहे. उंदीर येतात, त्यांना वाटतं मी मेले. पण आज पहाटे फटीतून गार वारा आत आलाय, वरची शिखरं पांढरी झालीत. लरे, मार्व्हा, कुणीतरी या! ओढा ही ताडपत्री!