मऊ पेडल

जीपचं ब्रेक पेडल तीन आठवडे मऊ लागत होतं. दाबलं की पाय सरळ तळाला. गॅरेजमध्ये आलेली दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मिस्त्रींनी शांतपणे दोष शोधला असता. ही स्वतःची, म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

जीप जुनी, चिखलातून आणि ओढ्यांतून हिंडणारी. मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये दर वेळी गाळ भरायचा. तिथे डिस्क ब्रेक टाकायचे हे बारा वर्षांपूर्वीच ठरलं होतं, तेही मुलीशी तावातावाने भांडून. मुलीला सगळे खारू म्हणायचे, कारण लहानपणी ती गाडीखाली सुर्रकन शिरायची. पुढे ती शिकली, दूरच्या शहरात एका मोटार कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेऊ लागली आणि जीपचं काम राहूनच गेलं. यंदा मिस्त्रींनी भंगारातल्या एका मोटारीचे, डिस्कला चिमटीत धरणारे कॅलिपर आणून एकट्याने बसवले. एकट्याने म्हणजे, ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढताना पेडल दाबायला बायको होती. ती दोनदा दाबायची आणि तिसऱ्यांदा तिला गॅसवरचं दूध आठवायचं.

शेवटी त्यांनी फोन केला. "हवा काही निघत नाही बघ."

"शनिवारी येते," खारू म्हणाली. "पण संध्याकाळी परत निघेन हं."

ती चौदा महिन्यांनी येणार होती. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसले. लेकीची आठवण येते हे त्यांना जन्मात कधी सांगता आलं नव्हतं. गाडी बिघडली आहे, एवढं सांगता येत होतं.

आणि शनिवारी सकाळी, तिची बस यायला तास असताना, नेमका दोष सापडला. हवा वर चढते, म्हणून ती सोडायचा निपल कॅलिपरच्या माथ्यावर असावा लागतो. इथे दोन्ही निपल खाली तोंड करून बसले होते. डाव्या चाकाचा कॅलिपर उजव्याला लागला होता आणि उजव्याचा डाव्याला. बायको उभा जन्म पेडल दाबत बसली असती तरी ती हवा निघाली नसती.

गाडीची डावी-उजवी सीटवर बसणाऱ्याच्या हाताने धरायची, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण मिस्त्रींची रीत वेगळी होती. ते गाडीसमोर उभे राहून सीटवरच्या खारूला म्हणायचे, "तुझा डावा हात वर कर." ती करायची आणि ते खडूने खूण करायचे. यंदा सीट रिकामी होती. त्यांनी गाडीसमोर उभं राहून आपलाच डावा-उजवा हात धरून खुणा केल्या होत्या.

अदलाबदल तासाभराचं काम. त्यांनी पाना लावला, एक बोल्ट सैल केला आणि थांबले. ब्रेक लागला तर खारू चहा पिईल, शाब्बास म्हणेल आणि दुपारच्याच बसने जाईल. त्यांनी बोल्ट पुन्हा आवळला. चाळीस वर्षांच्या इभ्रतीवर पाणी सोडणं वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

खारू आली, पिशवी टाकली आणि गाडीखाली शिरली. दोन मिनिटांत बाहेर आली. ती थट्टा करेल, मग वाद होईल, त्यात दिवस जाईल, असा त्यांचा हिशोब होता. पण ती हसत नव्हती.

"बाबा, तुम्ही जरा बसा," ती हळू आवाजात म्हणाली आणि घरात गेली.

स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजकडे उघडते, हे ती विसरली असावी. "आई, त्यांनी कॅलिपर उलटे बसवलेत. बाबांनी, अगं! आता त्यांना एकट्याला गाडीखाली जाऊ देऊ नकोस. गॅरेज बंद करायचं बघायला हवं."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. म्हातारा चळला म्हणून गॅरेजला कुलूप लागू द्यायचं, की खरं सांगायचं? मिस्त्रींना क्षणभर कुलूपच सोपं वाटलं. ती बाहेर आली तेव्हा ते उभेच होते.

"खारू, मला सकाळीच दिसलं होतं."

"काय?"

"निपल खाली आहेत ते. बघ, वरच्या बोल्टवर पान्याचा ताजा ओरखडा आहे. काढायला घेतला होता."

तिने वाकून पाहिलं. "मग बदलले का नाहीत?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. "बदलले असते तर तू लगेच गेली असतीस. फार आठवण येते गं तुझी."

खारूने पाना उचलला. दोघांनी मिळून कॅलिपर अदलाबदल केले, त्यात वॉशरवरून एकदा बाचाबाचीही झाली. मग ती सीटवर जाऊन बसली. मिस्त्री मागच्या चाकापाशी आडवे झाले आणि निपलला लावलेल्या नळीचं टोक बाटलीत सोडलं.

"दाब. धरून ठेव. हं, सोड."

बाटलीत भसाभसा बुडबुडे आले. मग कमी झाले, मग थांबले. दुसऱ्या चाकाचंही तसंच झालं. नळीतून नुसतं स्वच्छ ऑइल यायला लागलं आणि मिस्त्रींनी निपल आवळला. पेडल आता दगडासारखं टणक झालं असणार, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"बाबा," खारू म्हणाली. "अजून थोडं मऊ लागतंय."

मिस्त्रींनी एकही बुडबुडा नसलेल्या नळीकडे पाहिलं आणि निपल पुन्हा सैल करायला पाना लावला.

"दाब," ते म्हणाले.